गोठ्यामागचा पंचनामा

तलाठ्याने जगनच्या ओट्यावर बसून कागद काढले, तेव्हा एकोणनव्वद सालच्या पुराचं पाणी ओसरून नऊ दिवस झाले होते.

"जनावरं किती गेली?"

"येकच. आमचा चांद्या बैल. वाहून गेला."

"वाहून गेलेल्याला सरकारी मदत नाही." तलाठी वाईट माणूस नव्हता. पनवेलहून चिखल तुडवत आला होता आणि हेच वाक्य सकाळपासून दहा घरांत बोलून कंटाळला होता. "मेलेलं जनावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि चार म्हशी वाहून गेल्या म्हणेल."

"शोधतोय ना, भाऊसाहेब. उलव्याकडची झाडी राह्यलीय आजून. जिता असंल तो. पोवणारा बैल हाय."

गोदू दारात उभी राहून ऐकत होती. नऊ दिवस तिचा नवरा पहाटे उठून खाडीकाठच्या तिवरांत शिरत होता, छातीभर चिखलात उभा राहून बैलाला हाका मारत होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता, तळपाय शिंपल्यांनी फाटले होते. आणि ती रोज त्याला भाकरी बांधून देत होती. स्वतःची शिसारी यायची तिला, पण तोंड काही उघडत नव्हतं.

तलाठ्याने जनावरांच्या रकान्यात आडवी रेघ मारायला पेन टेकवलं.

"तो वाहून नाय गेला," गोदू म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं.

"गोठ्यामागं पुरलाय. तुमी फुटलेल्या बांधावर होता, सगला गाव शाळंत होता. पाणी उतरल्यावर माझ्या भावांनी म्हायेराहून, ओव्यावरनं येऊन पुरला." तिने पदराने तोंड पुसलं. "दुसऱ्या बैलाला, तांबूला सोडला मी. चांद्याच्या गळ्याची गाठ पाण्यानं आवळली, सुटंना. पाणी छातीला लागलं. तो वरडत होता. मी पळाली."

जगन उठला. फावडं उचलून गोठ्यामागे गेला.

फार खणावं लागलं नाही. तलाठ्याने रुमाल नाकाला लावला, पण वाकून नीट पाहिलं. फुगलेलं अंग, एक शिंग, आणि मानेत रुतलेलं दावं. त्याला मनापासून बरं वाटलं. आज पहिल्यांदाच कोणाला तरी हो म्हणता येणार होतं.

"बरं झालं बाई, सुटला नाही ते," कागद गुडघ्यावर ठेवत तो म्हणाला. "सुटला असता तर गेला असता खाडीत, आणि तुमच्या हाती काही लागलं नसतं. आता पूर्ण मदत मिळेल."

दाखवलेल्या जागी जगनने अंगठा उमटवला. तलाठी पुढच्या घराकडे निघाला.

गोदू वाट पाहत राहिली. नवरा शिव्या देईल, फावडं फेकून मारेल, काहीही करेल. जगन खड्ड्यात उतरला. बैलाच्या मानेशी उकिडवा बसला आणि रुतलेली ती गाठ बोटांनी सोडवायला लागला.

तिने घरातून कोयती आणून त्याच्यापुढे धरली. "कापा ना. आता काय सोडवता?"

"नको," बसलेल्या घशाने तो म्हणाला. मान वर केली नाही. "किती येळ लागतो, तेवढं बघतो."