बारा जणींचा कारखाना

पाहुण्याचे बूट बघताच आक्काच्या मनात पाल चुकचुकली. कारखान्यात पैसा घालायला आलेला माणूस असले बूट घालत नाही. टाचा झिजलेल्या, घोट्यापर्यंत वाळलेला चिखल.

पत्र मात्र झोकात होतं. 'प्रांतातील उद्योग व गुंतवणुकीच्या संधी यांची पाहणी.' सोबत रंगीत पुस्तिका. किनाऱ्यावर मासळी, डोंगरावर रबर आणि मिरी, मधल्या खोऱ्यात नारळ, खोबरेल, काथ्या. वाचून वाटावं, इथे नुसती काठी रोवली तरी पालवी फुटेल.

असंच पत्र मागच्या वर्षी शेजारच्या तेलगिरणीला आलं होतं. तेलवाला हुरळला. त्याने छाती फुगवून साठ कामगार दाखवले, आणि पाहुणा निघाला परवाने तपासणारा. वीसच्या वर माणसं ठेवायची तर मोठ्या कारखान्याचा परवाना लागतो. तेलवाल्याकडे होता लहान. महिन्याभरात गिरणीला टाळं लागलं.

खोऱ्यातली रीतच होती. गुंतवणूकदार आला तर दुप्पट सांगायचं, तपासनीस आला तर निम्म्याहून कमी. आलेला कोण, हे ओळखण्यात खरं कसब, आणि त्यात आक्का स्वतःला वस्ताद समजायची. तिचा परवानाही लहानच होता आणि काथ्याचे दोर वळणाऱ्या आणि मागच्या चाळीतच राहणाऱ्या बायका, ती आणि तिची धाकटी जाऊ धरून, बेचाळीस. त्यांतली एकही दुसरीकडे कामाला गेली नव्हती, कारण दुसरीकडे काम नव्हतंच.

पाहुणा गाडीतून आपलं सामान काढत होता तेवढ्यात तिने जावेला कोपऱ्यात ओढलं.

"हा पण तसलाच आहे. एकोणतीस जणींना मागच्या गोदामात बसव. गठ्ठ्यांच्या आड. कुणी शिंकायचं नाही."

"काथ्याच्या धुळीत बसायचं आणि शिंकायचं नाही?"

"नाक दाबा."

"मी पण जाऊ?"

"तू तर आधी जा. तुझं तोंड बंद राहणं जास्त गरजेचं आहे."

जाऊ हसत हसत गेली. पाहुणा आत आला तेव्हा छपराखाली अकरा बायका मान खाली घालून दोर वळत होत्या. बारावी आक्का.

त्याच्या हातात तांबड्या पट्ट्यांची एक उंच काठी होती. दोराला भाव काय मिळतो, माल कुठे जातो, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. नदीपासून अंगणापर्यंत पायऱ्या किती, ते विचारलं. भिंतीवरचा जुन्या पुराचा डाग बोटाने चाचपला. मग काठी भिंतीला उभी लावून डोळा बारीक करून डोंगराकडे पाहत राहिला.

"वर झरा आहे का एखादा? बारमाही?"

"असेल. आम्ही कशाला जातोय वर?" आक्का म्हणाली. मनात म्हणाली, सोंग तरी नीट आणायचं होतं.

"कामाला किती जणी?"

"या काय, समोर आहेत. बारा."

पाहुण्याने मागच्या चाळीकडे पाहिलं. "खोल्या बऱ्याच दिसतात."

"रिकाम्या आहेत. माल ठेवतो."

"आणि दोरीवरचे कपडे? बारा जणींचे एवढे?"

"बायका आहेत साहेब, असते हौस."

अकरा जणींपैकी कुणीतरी फिसकन हसलं. आक्काने डोळे वटारले. पाहुणा हसला नाही. त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"बाई, नीट आठवून सांगा. इथे राहून काम करणारी माणसं. कधीमधी येणाऱ्या, नात्यातल्या, कुणी राहिलं नाही ना?"

हा जितक्या गोडीने विचारत होता तितका आक्काचा संशय पक्का होत होता. तेलवाल्यालाही असंच गोड बोलून बोलतं केलं होतं.

"बारा म्हणजे बारा. आईशपथ."

त्याने कागद पुढे केला. 'कामगार व रहिवासी' या शब्दांपुढे आकडा होता, बारा. आक्काने झोकदार सही ठोकली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. कारखाना वाचला होता.

पाहुण्याने खालची प्रत फाडून तिच्या हातात दिली आणि पेनाला टोपण लावलं.

"आता सांगायला हरकत नाही. आधी सांगितलं तर लोक एका रात्रीत गणगोत गोळा करतात. खालच्या वस्तीत तरी कुठून फुटलं कोण जाणे, एकाने मेलेला आजोबासुद्धा कामगार म्हणून लिहून दिला. फुगवून न सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"कशाला फुगवतील?"

"पुस्तिकेतले नवे कारखाने उभे राहायचे तर वीज पाहिजे. धरण मंजूर झालंय." त्याने काठी उचलून छपराच्याही वर, नारळाच्या शेंड्याकडे रोखली. "पाणी तिथवर येईल. वर डोंगरावर नवी वस्ती बांधतोय. दोर वळायला छप्परही देऊ, काळजी करू नका. नोंद असेल त्या प्रत्येकीला एक घर आणि तिथेच काम. तुमची बारा."

आक्काची नजर गोदामाकडे गेली.

"साहेब, समजा... समजा आणखी कुणी निघालं तर?"

"सही झाली की आकडा बदलत नाही, बाई. 'आणखी आहेत हो' म्हणत गाडीमागे धावणारे रोज भेटतात." त्याने हात जोडले. "तुमच्यासारखं खरं बोलणारं माणूस क्वचित."

गाडी सुरू झाली, वळली, आणि पुलापलीकडे दिसेनाशी झाली. आक्का हातातला कागद घेऊन अंगणात तशीच उभी राहिली.

गोदामात कुणीतरी सणसणीत शिंकलं. पाठोपाठ जावेचा हसरा आवाज आला, "आक्का, गेला का तो? येऊ का आम्ही बाहेर?"