पुंजारामचं रक्त

केदारला विम्यासाठी रक्त तपासून द्यायचं होतं; ते घ्यायला लॅबच्या बाई घरीच येणार होत्या. त्याची साखर वाढलेली, व्हिटॅमिन डी कधीचं तळाला गेलेलं. नेमका त्याच सकाळी हसनाबादच्या शेतावरून त्यांचा सालगडी पुंजाराम गव्हाची पोती घेऊन जालन्याच्या घरी आला. केदारनं रक्त द्यायला आपल्या जागी त्यालाच खुर्चीत बसवलं.

"वर्षभर उन्हात राबतोस. तुझ्यासारखं रक्त कुणाचं असणार?"

रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. पुंजाराम पहाटेच निघालेला, उपाशीच होता. लॅबच्या बाईंनी मान वर न करता नळीवर केदारचं नाव लिहिलं.

शनिवारी रिपोर्ट मोबाइलवर आला. केदारची बायको शरयू, तिनंच आधी उघडला. व्हिटॅमिन डी उत्तम होतं. त्याखालचे बाकीचे आकडे लाल होते, आणि शेवटी डॉक्टरांनी लिहिलं होतं: किडन्या निकामी होत आल्या आहेत, आजच दाखल व्हा.

शरयू रडायला लागली.

"अगं, रडतेस काय?" केदार हसायला लागला. "रक्त माझं नाहीच. पुंजारामचं आहे ते!"

शरयूनं डोळे पुसले आणि देवापुढे साखर ठेवली.

तेवढ्यात उरलेली पोती घेऊन आलेला पुंजाराम जिना चढून दारात उभा राहिला. पाठीवर पोतं, पाय सुजलेले, श्वास लागलेला.

"मालक, माझं रगत बराबर निघालं ना?"



"एकदम बराबर," केदार म्हणाला. "खाली अजून दोन पोती आहेत, तेवढी वर आण."