फाटकातून नको

"स्टेडियमच्या फाटकाखाली मंतरलेलं काहीतरी पुरलंय हं," कापेम्ब्वा माझ्या कानाशी लागला. तो पलीकडच्या संघाचा चाहता, मी जन्माचा किट्वे शहराच्या फुटबॉल संघाचा. चर्चमध्ये मात्र आम्ही एकाच बाकावर गाणारे. मी धावत जाऊन कप्तानाला सांगितलं. अंतिम सामन्याला आमचा अख्खा संघ भिंतीवरून उड्या टाकून आत उतरला, त्यात गोलकीपरचा पाय मुरगळला आणि चषक गेला.

रविवारी पाद्रीबाबा नेहमीसारखं सुरात प्रवचन गाता गाता खोटेपणावर आले, तसा कापेम्ब्वा हमसून रडू लागला. "दादा, माफ कर. फाटकाखाली काहीच नव्हतं रे. मी थाप मारली."

मी त्याला पोटाशी धरलं. मग बाहेर येऊन कप्तानाला फोन लावला, "पुढच्या वेळीही भिंतीवरूनच या. कापेम्ब्वा काहीच नव्हतं म्हणून एवढा रडतोय, म्हणजे नक्की पुरलंय."