सतरा नंबरची रेघ

भोंगा वाजवायचा मान क्लाइव्हचा होता आणि तो शेडच्या मागे बाकावर तोंड लपवून बसला होता.

ज्या रेल्वे इंजिनाचा तो भोंगा, त्या जातीची डिझेल इंजिनं वीसच बनली. दिसायला ऐटबाज, पण निम्मा वेळ दुरुस्तीत. दहा वर्षांत भंगारात गेली. वाचलं ते एकच. जुनी इंजिनं जपणाऱ्या मंडळाच्या म्हाताऱ्यांनी अकरा वर्षं खपून ते चालतं केलं होतं. पहिला भोंगा वाजवणार होता विसाच्या वीस पाहिलेला माणूस.

इंजिनांचे नंबर टिपत हिंडणाऱ्यांचा कायदा एकच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तरच वहीतल्या नंबराखाली रेघ ओढायची आणि शेजारी तारीख घालायची. क्लाइव्हच्या वहीत वीस रेघा होत्या, त्याच्या जिवलग नेव्हिलच्या वहीत एकोणीस. त्यावरून नेव्हिलची पन्नास वर्षं टिंगल चालली होती. क्लाइव्हही हसत आला होता.

नेव्हिल चहाचे दोन मग घेऊन आला. "काय रे, नव्या नवरीसारखा लाजतोस काय? ऊठ. आपली अध्यक्ष ब्रेंडा तिकडे भाषण लांबवून लांबवून दमली."

"नेव्ह, सतरा नंबर मी पाहिलंच नाही."

नेव्हिलने दोन्ही मग बाकावर ठेवले.

"यॉर्क स्टेशनवर आपण त्याच्यासाठी दिवसभर गारठत बसलो. ते आलंच नाही. पुढच्या आठवड्यात मी घरी बसून रेघ ओढली आणि एकटा जाऊन पाहून आलो म्हणून तुला सांगितलं. लाज वाटते रे. तुझं तोंड बघवत नाही."

"जाऊ दे. चहा घे."

"जाऊ दे कसं? तुझ्यासारखीच माझीही एकोणीसच!"

नेव्हिलने नाइलाजाने खिशातली वही काढून उघडली. सतरा नंबराखाली रेघ नव्हती. शेजारी पेन्सिलीने फिकट तारीख होती. यॉर्कच्या त्याच दिवसाची.

"तू बेकरीची रात्रपाळी करून आला होतास. माझ्या खांद्यावर झोपलास," नेव्हिल म्हणाला. "दुसरं इंजिन त्याला ओढत भंगारात नेत होतं. तुला उठवेपर्यंत गेलंसुद्धा. तू हिरमुसशील म्हणून तेव्हा बोललो नाही."

"मग रेघ का नाही ओढलीस?"

"ओढणार होतो, तुला सांगून. पण आधी तूच वही नाचवत आलास, पुढच्या आठवड्याची तारीख घालून. मी रेघ ओढली असती, तर आठवड्यापूर्वीच भंगारात गेलेलं इंजिन तू पाहिलंस कसं, हे निघालं असतं आणि तुझी खोटी पडली असती."

क्लाइव्हला मान वर करवेना. तसाच तो उठला, नेव्हिलचा हात धरला आणि इंजिनाकडे चालू लागला.

"ब्रेंडा," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भोंगा हा वाजवेल. का, ते मी सांगतो."