मागचं नाव

भिलाईच्या आमच्या आर्ट फाउंडेशनच्या वर्गात सर कागद आधी उलटा करतात, मागचं नाव वाचतात आणि मगच चित्र बघतात. याला ते समकालीन दृष्टी म्हणतात.

गृहपाठ सोपा होता. कागदभर एकच रंग लावून आणायचा. सरांनी माझ्या मैत्रिणीचा कागद उलटून 'स्नेहल पांढरीपांडे' वाचलं. मग निळा रंग बघून डोळेच मिटले. "वा! निव्वळ अवकाश. याला अर्थाची गरजच नाही."

मग माझा. 'दीक्षा खोब्रागडे' वाचलं. रंग तोच, निळा. "हां, हा तुमचा निळा! दुःख आहे, पण आक्रोश कमी पडतोय. जरा तुमच्या वस्तीत बघ आणि पुन्हा कर."

"कोणत्या वस्तीत, सर? आम्ही स्मृती नगरच्या बंगल्यांच्या कॉलनीत राह्यतो. आन् कागद एकच आहे. मी माहा घरी विसरली, तर स्नेहलनं तिचा कैचीनं कापून अर्धा मले देला."

मी दोन्ही तुकडे टेबलावर जोडून दाखवले. ब्रशचा फटकारा इकडून तिकडे सलग गेला.

सरांनी दोन्ही तुकडे उलटे केले आणि नावं पुन्हा वाचली.

"बघ," ते म्हणाले, "फरक दिसतोच ना!"