आधी बोलणारं इंजिन

आमचे हे गेल्यापासून त्यांच्या खेळण्यातल्या छोट्या रेल्वेच्या खोलीत मी पाय ठेवला नव्हता. परवा दुपारी सुनेने त्या रेल्वेसाठी शिट्टी-वाफेचे आवाज काढणारं नवंकोरं इंजिन आणलं आणि मला ओढतच तिथे नेलं.

"आई, रूळ जुने, इंजिन नवं. बटण हळूहळू फिरवा. थोड्या विजेवर ते जागेवर उभं राहून नुसतं बोलतं, जास्त दिली की मग चालतं."

"म्हणजे माझ्या मुलासारखंच."

ती खुदकन हसली. मी बटण जरासं फिरवलं.

शिट्टी नाही, वाफेचा फुसकारा नाही. इंजिनातून टकटक आली. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा.

"दुकानदाराने बिघडलेलंच गळ्यात मारलं वाटतं," सून म्हणाली.

मी शिकलेली नाही, पण ती टकटक मला पाठ होती. हे गेले त्या दुपारी आमचं भांडण झालं आणि "बसा खेळत" म्हणून मी यांना याच खोलीत बाहेरून कडी लावून कोंडलं. त्यांनी दार अस्संच वाजवलं. मी मुद्दाम भांडी आपटत राहिले. कडी काढली तेव्हा ते दाराशीच पडले होते. माझा डोळा लागला होता, असं मी सगळ्यांना ताठ मानेने सांगितलं.

मी बटण शून्यावर आणलं. टकटक चालूच. सुनेने प्लग उपटला. टकटक आणखी जोरात.

दार सताड उघडं होतं. तरी माझा हात कडीकडे गेला.

सून आता इंजिनाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होती.