निरोपाची धून

पडदा पडला, टाळ्या विरल्या, आणि रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात कंडक्टर हॅरिएट झेल्निकने छडी पुन्हा उचलली. वाद्यवृंदाने निरोपाची धून धरली. बुधवारचा दुपारचा खेळ. न्यू जर्सीहून आलेल्या आज्या कोट चढवत, पर्स सांभाळत, बस चुकेल म्हणून दाराकडे निघाल्या.

नाटक सत्तर वर्षांपूर्वीचं, नव्याने उभं केलेलं. निरोपाची धूनही तेव्हाचीच. ब्रॉडवेच्या त्या बहराच्या काळात प्रेक्षकाला नुसतं घरी पाठवत नसत. रस्त्याने गुणगुणायला एक चाल बरोबर बांधून देत.

निर्माता कर्टिस ब्रॅडवेलला हे बांधून देणं खिशाला जड जात होतं. "लोक पाठ फिरवून चाललेत आणि अख्खा वाद्यवृंद वाजवतोय. आपण टेप लावू," तो सकाळीच म्हणाला होता.

"लाव. आणि नवी कंडक्टर शोध, पोरा," हॅरिएटने सुनावलं होतं.

समीक्षकांनी या बाईलाच डोक्यावर घेतलं होतं. म्हणून कर्टिसने नमतं घेतल्यासारखं केलं आणि अट घातली. प्रेक्षागृहात एक जरी माणूस असेल, तोवर वाजवा. धून संपायच्या आत ते रिकामं झालं, की दुसऱ्या दिवसापासून टेप.

"कबूल," हॅरिएट म्हणाली. "पण रिकामं झालेलं तू स्वतः पाहायचंस. दरवानाचं सांगणं चालणार नाही."

ड्रमवाल्या सॅलने तेव्हाच कपाळाला हात लावला होता. "अगं, बससाठी या म्हाताऱ्या कशा धावतात, ठाऊक आहे ना तुला?"

आता कर्टिस मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता. बाल्कनी ओस पडली. मधल्या रांगा ओस पडल्या. शेवटची आजी काठी टेकत, त्याच चालीवर मान हलवत बाहेर गेली. धून अजून अर्धी बाकी होती.

कर्टिस रांगांमधून खाली आला आणि खड्ड्याच्या कठड्यावरून वाकला.

"थांबवा. इथे कोणी नाही."

सॅलच्या हातातल्या काठ्या खाली आल्या. हॅरिएटची छडी चालूच राहिली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. स्वतः पाहिलंय."

"मग बस खुर्चीत," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "तू उठून जाईपर्यंत आम्हाला थांबता येणार नाही."